रविवारचा वेढा

वर येऊ पाहणाऱ्याला खालीच रोखावे, यासाठी डोंगरी किल्ले बांधले गेले, आणि रविवारी सकाळी सिंहगड हे काम आजही चोख बजावतो. घाटाच्या नाक्यावर वाहनाचे ‘उपद्रव शुल्क’ भरावे लागते. आमच्या कुटुंबाविषयी इतके नेमके मत सरकारदरबारी यापूर्वी कोणी नोंदवलेले नव्हते.

पावती घेऊन निघालो खरे, पण एका वळणावर गाड्यांची रांग थांबली ती थांबलीच. क्लच जळल्याचा वास पसरला की आमच्या मेहुण्यांना इतिहास सुचतो. पुरंदरच्या तहात १६६५ साली कोंढाणा मोगलांकडे गेला, येथून त्यांनी आरंभ केला आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे मावळ्यांसह कडा चढून वर पोहोचले, तोवर आमची गाडी जेमतेम दोन हात सरकली होती. यशवंती घोरपडीची आख्यायिका भाच्याच्या आग्रहाखातर पुन्हा झाली. उदेभान पडला, गड आला, तरी पुढची जीप हलेना.

अखेर वर पोहोचलो, तेव्हा आतकरवाडीच्या पायवाटेने चढून आलेले एक सत्तरीचे आजोबा ताक पिऊन परत निघाले होते. “आत्ताच येताय का?” असे त्यांनी विचारले, त्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

पुणे दरवाजातून आत गेल्यावर आधी तानाजींची समाधी, मग राजाराम महाराजांची, मग कल्याण दरवाजा, असा मेहुण्यांचा बेत होता. तो चुलीवरच्या पिठल्याच्या वासाने पहिल्याच छपरीत मोडून काढला. गरम भाकरी, वर ठेचा, आणि मातीच्या मडक्यातले, बोट लावले तरी न हलणारे दही. यापुढे पुरातत्त्वाची जिज्ञासा टिकवणे कोणाही मराठी माणसाला कठीणच. तानाजींच्या समाधीला नमस्कार मात्र केला, तोही पोट धरून.

तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजींनी कड्यावरचे दोर कापून टाकले, असे सांगतात. आमचे परतीचे दोर एका पांढऱ्या मोटारीने कापले होते. आमच्या गाडीला बरोबर आडवी लावून तिचे मालक सहकुटुंब कल्याण दरवाजा पाहायला गेले असल्याचे दहीवाल्या मावशींनी सांगितले आणि त्याच दमात आणखी एक मडके पुढे केले, ज्याला नाही म्हणण्याचे बळ आमच्यापैकी एकातही उरले नव्हते.