आकडा पुन्हा बघ

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "लंडनमधल्या १६३२ सालच्या मृत्यूंची यादी आहे. एकच पान. कराल ना भाषांतर?" एकच पान म्हटल्यावर मी हो म्हणून बसलो. फ्लॅट घेताना "लिफ्ट काय, महिन्याभरात सुरू होईल" म्हणणाऱ्या एजंटावरही मी असाच विश्वास ठेवला होता.

यादीत रोगाचं नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा. 'टीथ, ४७०.' दात! चारशे सत्तर माणसं दातांनी मारली? शब्दकोश उघडला, मग त्याहून जाड शब्दकोश उघडला. समोर आई मटार सोलत होती.

"त्यात काय अडलं? दात येताना गेलेली तान्ही पोरं असतील," ती म्हणाली. "तुझे दात आले तेव्हा घरातला एक लंगोट कोरडा नव्हता."

बरोबर होतं. जाड शब्दकोशातही तेच निघालं, पण वीस मिनिटांनी.

पुढे 'रायझिंग ऑफ द लाइट्स, ९८.' मी विश्वासानं 'दिवे वर चढणे' लिहून मोकळा झालो. हे लाइट्स म्हणजे फुप्फुसं, वजनाला हलकी म्हणून. आपल्याकडे मटणवाला ज्याला फोपसं म्हणतो, तेच. "म्हणजे छातीत भरून धाप लागणं," आईनं निकाल दिला.

आईचं नेमकं जुळत कसं होतं, ते मला नंतर कळलं. त्या काळी लंडनमध्ये मरणाचं कारण ठरवायला डॉक्टर जात नसत, चर्चच्या हद्दीतल्या म्हाताऱ्या बायका जात. प्रेत बघायचं, घरच्यांना चार प्रश्न विचारायचे आणि कारकुनाला रोग सांगायचा. म्हणजे ही यादी मुळात कुणाच्या तरी आयांनी केलेली. तिथे माझी पदवी काय कामाची?

'स्मॉल पॉक्स'वर मात्र ती भडकली. थोरला पॉक्स म्हणजे गुप्तरोग, त्याच्या मानानं हा धाकटा, म्हणून 'स्मॉल', असं मी समजावलं.

"देवीला धाकटी म्हणायचं? कोपेल नाही तर काय! आम्ही देवी आल्या म्हणायचो, आल्या. नमस्कार करायचो."

'किंग्ज ईव्हिल, ३८' बघून मी 'राजरोग' लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. पण आपला राजरोग म्हणजे क्षय आणि हा निघाला गंडमाळ. मानेतल्या गाठींचाच क्षय तो, म्हणजे चुकून भावकीत तरी पोचलो होतो. राजानं हात लावला की तो बरा होतो, अशी तिथे समजूत. सॅम्युअल जॉन्सनला अडीच वर्षांचा असताना, १७१२ साली, त्याच्या आईनं लंडनला नेऊन ॲन राणीचा हात लावून आणला. राणीनं सोन्याचं पदक दिलं, ते गळ्यात राहिलं आणि गाठीही राहिल्या. पुढे १७५५ साली त्यानं इंग्रजीचा शब्दकोश छापला. त्याच्याच वारसदारांशी मी दुपारपासून झटत होतो.

तेवढ्यात बाईंचा पुन्हा फोन. सोबत औषधांच्या जुन्या शब्दांवर चार ओळी हव्यात. 'नॉस्ट्रम' म्हणजे ज्यानं त्यानं विकायला काढलेलं रामबाण औषध. मूळ लॅटिन अर्थ फक्त 'आमचं'. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी तेवढी लावायची राहिली. 'प्लॅसिबो' म्हणजे 'मी खूश करीन'. तो अर्थ वाचत वाचतच मी बाईंना सांगितलं, "झालंच आहे, फक्त एकदा नजर फिरवतो." त्यांना लगेच बरं वाटलं.

संध्याकाळी दोनच नोंदी उरल्या. 'प्लॅनेट, १३.' ग्रहाचा तडाखा बसून अचानक लुळे पडलेले.

"कुठला ग्रह?"

"लिहिलेलं नाही."

"मग शनीच."

मी तळटीप द्यायचा मोह आवरला. शेवटची ओळ सोपी होती. "ग्रीफ, ११," मी वाचलं. "दुःखानं गेलेले अकरा."

आईचा हात मटारात थांबला.

"अख्ख्या लंडनात?"

"हो."

"वर्षभरात?"

"हो."

"आकडा पुन्हा बघ," ती म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.