पासवर्ड कुणाला सांगू नका, एन्व्हायर्नमेंटला सांगा

कोल्हापुरात माणूस मोठा झाला हे पगारावरून ओळखत नाहीत. पंगत बसलीय, ताटात तांबडा पडलाय, पांढऱ्याची वाटी समोर येतेय, आणि नेमका त्याच वेळी ज्याचा फोन वाजतो, जो भाकरीचा तुकडा तसाच टाकून "आलो आलो, सर्व्हर पडलाय" म्हणत मांडवाबाहेर पळतो, तो मोठा. बाकीचे आपले जेवणारे. तुम्हालाही असं मोठं व्हायचं असेल, तर कोडबिडच्या नादाला लागू नका. कोड कुणीही लिहितं, आता तर त्याला माणूसही लागत नाही. तुम्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ताब्यात घ्या. कोड ज्या व्हॅल्यूंवर चालतो त्या फक्त तुमच्या डोक्यात असल्या, की तुम्हाला काढायची मालकाची टाप नाही.

आधी ही चीज काय आहे ते सांगतो. मटण शिजताना जे पाणी निघतं त्याला आपण अळणी म्हणतो. त्याच अळणीत चटणी आणि वाटण पडलं की तांबडा, नारळाचं दूध पडलं की पांढरा. मटण एकच. सॉफ्टवेअरचंही तसंच असावं असं जाणते लोक म्हणतात. कोड एकच ठेवायचा. तो टेस्ट सर्व्हरवर चालतोय की गिऱ्हाइकाच्या, डेटाबेस कुठला, पासवर्ड कुठला, हे ऐनवेळी बाहेरून ओतायचं. कोडबाहेर ठेवलेल्या अशा नाव-व्हॅल्यूच्या जोडीला म्हणतात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. ही सोय काही कालची नव्हे. १९७९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सातवी आवृत्ती आली, तेव्हापासूनची आहे. पुढं २०११ साली हेरोकू या ॲप चालवून देणाऱ्या कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी चांगल्या ॲपची बारा सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं हेच. त्याला त्यांनी एक कसोटीही लावून दिली: तुमचा सगळा कोड आत्ता, या क्षणी चव्हाट्यावर मांडला तर त्यातून एकही पासवर्ड बाहेर जाता कामा नये.

वाचायला छान आहे. मनावर घेऊ नका.

तुम्ही सुरुवात डॉट-एन्व्ह फाइलपासून करा, म्हणजे व्हेरिएबल लिहून ठेवायच्या साध्या फाइलपासून. सगळे पासवर्ड तिच्यात लिहा आणि ती कोडबरोबर गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या वहीत, ढकलून द्या. कुणी बोंबललं तर पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे पुढच्या नोंदीत, पुसा आणि "काढली" म्हणून सांगा. गिट जुनं काही विसरत नाही, दोन वर्षांनी रुजू झालेला पोरगाही इतिहासात मागं जाऊन ती फाइल उघडू शकतो. पण हे मालकाला कुठं माहीत असतं? पासवर्ड मात्र अजिबात बदलू नका. बदलायचा म्हटलं तर तो आणखी कुठं कुठं चिकटवलाय ते शोधावं लागेल, आणि ते आता तुम्हालाही आठवत नाही.

मग पाइपलाइनकडं वळा, म्हणजे कोड आपोआप तपासून सर्व्हरवर चढवणाऱ्या यंत्रणेकडं. गिटहब ॲक्शन्स ही तशीच एक यंत्रणा. तिच्यात एकच व्हेरिएबल तीन ठिकाणी लिहिता येतं: अख्ख्या वर्कफ्लोवर, म्हणजे सगळ्या कामावर, त्यातल्या एखाद्या जॉबवर, नाहीतर जॉबमधल्या एकाच स्टेपवर. जवळचं लांबच्याला गिळतं, म्हणजे स्टेपवरचं जिंकतं. साधा माणूस एका जागी लिहून मोकळा होतो. तुम्ही तिन्ही जागी लिहा आणि तिन्हीकडं वेगळी व्हॅल्यू द्या. नावंही अशी ठेवा की वाचणाऱ्याचा दिवस जावा: यूआरएल, यूआरएल_२, यूआरएल_नवीन, यूआरएल_नवीन_खरी.

आता गुपित झाकण्याची कला. गिटलॅब या तसल्याच दुसऱ्या यंत्रणेत व्हेरिएबल मास्क करायची, म्हणजे झाकायची, सोय आहे. लॉगमध्ये, म्हणजे पाइपलाइननं छापलेल्या नोंदींत, जिथं जिथं ती व्हॅल्यू येईल तिथं तिथं 'मास्क्ड' असा शिक्का बसतो. अट एवढीच की ती एका ओळीत असावी, मध्ये स्पेस नसावी आणि निदान आठ अक्षरं असावीत. इथं मी एका ऑफिसची गोष्ट सांगतो. नाव नको, चहा चांगला मिळतो तिथं. एका फाउंड्रीच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर ते करत होते. डेटाबेसचा पासवर्ड काय ठेवावा यावर दहा मिनिटं विचार झाला आणि शेवटी अभिमान जिंकला. इंग्रजीत, स्मॉल लेटरमध्ये लिहिलं तर 'कोल्हापूर' बरोबर आठ अक्षरांचं भरतं. गिटलॅबनं एका शब्दानं तक्रार न करता घेतलं. दुसऱ्या दिवशीचा लॉग मी स्वतः पाहिलाय. शहर: मास्क्ड. जिल्हा: मास्क्ड. डेटाबेस: मास्क्ड_बिलिंग. पिन कोड मात्र ४१६००१, स्वच्छ. इचलकरंजीहून नुकतीच लागलेली एक पोरगी स्क्रीनकडं बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, डेटाबेसचा पासवर्ड आपल्या गावाचं नाव हाय व्हय?" असं झाकण बसवता आलं पाहिजे, की आत काय आहे ते झाकणावरच लिहिलेलं असावं.

गिटहबवाले शिक्क्याऐवजी तीन तारे छापतात. तिथंही झाकलं जातं ते सरळ लिहिलेलं. तोच पासवर्ड एकेक अक्षर सुटं करून, मध्ये स्पेस टाकून छापला की तारे गायब आणि पासवर्ड उघडा. पण आपल्याकडं असं कोण करणार, या विश्वासावर झोपायला हरकत नाही.

काही लोकांना बिल्ड, म्हणजे पाइपलाइनची एक फेरी, लवकर हिरवा (पास) करायची घाई असते. त्यांनी एक्स्पोर्ट या आज्ञेचा मार्ग धरावा. पहिल्या स्टेपमध्ये व्हेरिएबल एक्स्पोर्ट करा आणि दुसऱ्या स्टेपमध्ये ते मिळेल अशी आशा ठेवा. मिळत नाही. प्रत्येक स्टेपला नवा शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, मिळतो, आणि एन्व्हायर्नमेंट बापाकडून पोराकडं उतरतं, तेही नक्कल म्हणून. पोरानं केलेला बदल ना बापाकडं जातो, ना धाकट्या भावाकडं. (आपल्याकडं सातबाराचंही असंच असतं तर निम्मी कोर्टं ओस पडली असती.) पुढच्या स्टेपला काही द्यायचं असेल तर ते गिटहब_एन्व्ह हे व्हेरिएबल ज्या फाइलकडं बोट दाखवतं तिच्यात लिहावं लागतं, आणि तेही त्या स्टेपला नव्हे, त्यानंतरच्या स्टेपला दिसतं. पण हे कागदपत्रांत लिहिलेलं आहे, आणि कागदपत्रं वाचणं हे आपल्या पेशाला शोभत नाही. त्यापेक्षा पुश करा, सहा मिनिटं थांबा, लाल बघा, पुन्हा पुश करा. 'फिक्स', 'फिक्स२', 'आता तरी', 'आई शपथ शेवटचं' असे चौदा कमिट पडले की संध्याकाळ होते आणि दिवसभर काम केल्याचा पुरावाही तयार होतो.

होय-नाहीचे प्रश्नही व्हेरिएबलवरच सोपवा. 'डिप्लॉय' (काम गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर चढवायचं का?) नावाचं एक ठेवा आणि त्यात 'फॉल्स' लिहा. इथं गंमत अशी, की एन्व्हायर्नमेंटमध्ये खरं-खोटं असं काही नसतंच, असतात ती नुसती अक्षरं. पायथन असो की जावास्क्रिप्ट, ही अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग, रिकामी नाही ना एवढंच ती भाषा बघते. आणि 'फॉल्स' तर इंग्रजीत चांगली पाच अक्षरं. म्हणजे होय. आपल्या पंगतीत पाहुणा "नको, नको" म्हणतो तेव्हा वाढपी काय करतो? त्याला शब्द ऐकू येतो, अर्थ ऐकू येत नाही, आणि पळीभर रस्सा ताटात पडतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला तुमचं अर्धवट काम गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर असंच पडेल.

आणि व्हेरिएबल रिकामंच राहिलं तर? उत्तम. शेल काही बोलत नाही. नावात एक अक्षर चुकलं तरी तो खानदानी मौन पाळतो आणि त्या जागी काहीच नाही असं समजून पुढं जातो. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपच्या स्क्रिप्टमधला असाच एक दोष उघड झाला. आपलं फोल्डर पुसायची आज्ञा होती, पण फोल्डरचं नाव धरणारं व्हेरिएबल रिकामं निघालं; मग उरला नुसता तिरका दांडा, म्हणजे अख्खी डिस्क. पुसता येण्यासारखं होतं ते सगळं पुसलं गेलं. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानंच कॉमेंट टाकली होती: भीतीदायक! स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -यू' लिहिलं तर न दिलेलं व्हेरिएबल दिसताच शेल जागच्या जागी थांबतो. म्हणजे बिल्ड लाल होणार. म्हणजे लिहू नका.

वेळेबद्दल थोडक्यात. गिटहबची यंत्रं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मध्यरात्री बाराचा म्हणून लावलेला बिल्ड इथल्या पहाटे साडेपाचला सुटतो, तेव्हा गंगावेशीकडं दुधासाठी म्हशी निघालेल्या असतात. पहाटे चारला केलेल्या रिलीजवर कालची तारीख पडते. गिऱ्हाइकानं विचारलं तर "आम्ही एक दिवस आधीच दिलंय" म्हणून ठणकावून सांगा. टीझेड नावाचं व्हेरिएबल असतं, त्यात आशिया-कोलकाता लिहिलं की तारखेचा घोळ मिटतो. पण मिटवून करायचंय काय?

आता खरा मुद्दा. लोकांना वाटतं एन्व्हायर्नमेंट म्हणजे तिजोरी. ती वाड्यातली ओसरी आहे. घरात आलेला प्रत्येक जण तिथूनच जातो. तुमच्या पाइपलाइननं बोलावलेली प्रत्येक आज्ञा, नेटवरून उतरवून घेतलेली प्रत्येक स्क्रिप्ट, तुमच्या त्या स्टेपमधलं सगळं एन्व्हायर्नमेंट वाचू शकते. २०२१ साली कोडकव्हच्या बॅश अपलोडरचं हेच झालं. टेस्टनी किती कोड झाकला त्याचा अहवाल पाठवणारी ती स्क्रिप्ट, जगभरच्या पाइपलाइनी ती थेट नेटवरून ओढून चालवत होत्या. कुणीतरी तिच्यात एक ओळ घुसवली. काम एवढंच: एन्व्हायर्नमेंटमध्ये जे काही असेल ते उचलून परक्या सर्व्हरला पाठवायचं. ३१ जानेवारीला हा उद्योग सुरू झाला आणि १ एप्रिलला कंपनीच्या ध्यानात आला. दोन महिने बिल्ड हिरवेगार होते. उतरवलेल्या स्क्रिप्टचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळत नाही हे एका गिऱ्हाइकानं ताडून पाहिलं, म्हणून कळलं. अशी आगाऊ गिऱ्हाइकं आपल्याला नकोत. तुम्ही चेकसम तपासू नका, दुसऱ्याकडून घेतलेल्या ॲक्शनची (तयार स्टेपची) आवृत्ती कमिटच्या हॅशला, म्हणजे त्या नेमक्या नोंदीच्या ओळखक्रमांकाला, बांधू नका, आणि सगळी गुपितं वर्कफ्लोच्या माथ्यावर लिहा, म्हणजे स्पेलिंग तपासणाऱ्या स्टेपलाही प्रॉडक्शनचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खऱ्या सर्व्हरचा, पासवर्ड माहीत असेल. घरातलं माणूस आहे ते.

शेवटची खबरदारी. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे पावसाळ्यात इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, कारण ते उघड लिहिलेलं आणि रोज सांगितलेलं असतं. तुमच्या पाइपलाइनला कुठली व्हेरिएबल लागतात याची अशी यादी कुठंही होऊ देऊ नका. व्हॅल्यू राहू दे, नावांचीसुद्धा नको. नमुना फाइल ठेवा म्हणून कुणी सुचवलं तर "सिक्युरिटीचा प्रश्न आहे" म्हणा. हे वाक्य कुठल्याही मीटिंगमध्ये चालतं.

एवढं केलंत की मोठेपण चालत येतं. चैत्र पौर्णिमा आहे, तुम्ही जोतिबाच्या डोंगरावर आहात, सासनकाठ्या नाचतायत, गुलालानं मोबाईलची स्क्रीनही गुलाबी झालीय. फोन वाजतो.

"दादा, कुठं हाईसा? बिल्ड लाल झालाय. पासवर्ड काय हाय?"

"लिहून घे. कॅपिटल आर, मग डॉलर."

"रुपया?"

"डॉलर! चारच्या वरचा."

तो बिचारा डबल कोटात लिहितो. शेलला डॉलर दिसला की पुढची अक्षरं व्हेरिएबलचं नाव वाटतात. असं व्हेरिएबल कुठंच नसतं, आणि पासवर्डाचं उरतं फक्त कॅपिटल आर. पुन्हा लाल. पुन्हा फोन. मागं हलगी, पुढं ढोल, आणि तुम्ही एका कानात बोट घालून "सिंगल कोट, सिंगल!" म्हणून ओरडताय. आजूबाजूचे कौतुकानं बघतायत. अर्ध्या तासानं तिसरा फोन.

"दादा, झाला हिरवा."

"कसा काय?"

"स्किप_टेस्ट्स म्हणून एक दिसलं, त्याला ट्रू केलं. तेवढं तात्पुरतं."

"चांगभलं," म्हणा, आणि फोन खिशात टाका.