वाईला एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे नक्की किती वाजता परतायचं?

पुण्याहून वाई. नव्वद किलोमीटरच्या आसपास. यात भांडण्यासारखं काय आहे असं तुम्हाला वाटेल, पण आमच्या कट्ट्यावर या नव्वद किलोमीटरवर रात्री नऊपासून पावणेबारापर्यंत चर्चा झाली, चहावाल्याने दोनदा बाकडी उचलायला सुरुवात केली आणि दोनदा परत खाली ठेवली. म्हटलं लिहूनच काढावं, कारण असा प्लॅन करणारे प्रत्येक कट्ट्यावर असतात आणि प्रत्येक कट्ट्यावर एक मंद्या असतोच.

मंद्या म्हणजे तो माणूस जो म्हणतो, "वाईपर्यंत जातोच आहोत तर पाचगणी काय, बारा-तेरा किलोमीटर, पसरणी घाट चढला की आलंच. आणि पाचगणीला गेलोच तर महाबळेश्वर काय लांब आहे का?"

स्नेहा म्हणाली, "मंद्या, मग प्रतापगड काय लांब आहे? आणि तिथून खाली उतरलं की पोलादपूर. कोकणातच जाऊ ना सरळ, मुक्कामाला."

"तू चेष्टा कर, पण अंतर बघ की मॅपवर."

आता अंतर खरंच फार नाहीये, प्रॉब्लेम अंतराचा नाहीचे. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते, पाचगणीच्या बाजारात ती परत लागते, पुढे ते स्ट्रॉबेरीवालं गार्डन आलं की सगळे तिथे वळतात आणि वळताना अख्खा रस्ता अडवतात, मग महाबळेश्वरला पोचेपर्यंत दुपार, तिथे पार्किंग शोधायला अर्धा तास, एक पॉइंट बघायचा, मक्याचं कणीस खायचं आणि खाली उतरायला लागायचं. म्हणजे दिवसभर गाडीच्या काचेतून दुसऱ्या गाड्यांची डिकी बघायची. माझं स्पष्ट मत आहे की एका दिवसाच्या ट्रिपमध्ये महाबळेश्वर घालणाऱ्याला त्या दिवशी गाडी चालवायला लावावी, परत नाव काढणार नाही.

"बरं पण," इरफान म्हणाला, "वाईत दिवसभर करायचं काय? ढोल्या गणपती झाला, मिसळ झाली, साडेनऊला मोकळे."

यावर काका बोलले. काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, संध्याकाळी कट्ट्यावर येतात, सगळे बोलून दमले की बोलतात. "अरे, तू ढोल्या गणपतीला कधी मागच्या बाजूने बघितलंयस का? मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. 1762 सालचं काम आहे, सरदार रास्त्यांचं. लोक पुढून हात जोडतात, सेल्फी काढतात आणि जातात."

इरफान गप्प झाला, कारण तो सिव्हिलवाला आहे आणि त्याने ती भिंत बघितली नव्हती.

मग यादी वाढत गेली. मेणवली, वाईपासून तीन किलोमीटर, नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेवर चंद्रकोरीसारखा घाट आणि तिथली ती पोर्तुगीज घंटा, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली. चर्चची घंटा कृष्णेकाठच्या देवळात टांगलेली, हे एवढं एक बघायला मी परत जाईन. मग धोम. धरण सगळ्यांना माहितीये, पण गावात नरसिंहाचं देऊळ आहे आणि तिथे कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी, आजूबाजूला कमळासारखं कोरलेलं दगडी कुंड. कुंडात पाणी असलं की कासव पोहतंय असं वाटतं.

स्नेहाला मात्र तिसरीच गोष्ट बघायची होती. "मला विश्वकोशाचं ऑफिस बघायचंय."

मंद्या हसला. "ऑफिस? ट्रिपला जाऊन ऑफिस बघणार?"

"अरे, मराठी विश्वकोश वाईत बसून तयार झाला. मुंबईत नाही, पुण्यात नाही, वाईत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथे होते म्हणून. पहिला खंड 1976 चा. तुमच्यासारख्यांना एवढं पण माहीत नसतं."

"पण रविवारी ते बंद असणार," पक्या म्हणाला. "मग शनिवारी जाऊ."

"शनिवारी पण बंद. 2020 पासून सरकारी ऑफिसला पाच दिवसांचा आठवडा आहे."

म्हणजे विश्वकोश बघायचा तर शुक्रवारी सुट्टी टाकायला लागणार. आणि इथे खरा विषय सुरू झाला असं मला वाटतं, कारण कुठे जायचं यावर जेवढा वेळ गेला त्याच्या निम्मा पण कधी जायचं यावर कोणी घालवला नव्हता. मधल्या वारी पुण्याहून वाईला जाणं आणि रविवारी जाणं या दोन वेगळ्या ट्रिपा आहेत. शुक्रवार पक्याला जमेना, महिनाअखेर. त्याच्या पुढचा शुक्रवार इरफानला जमेना. गाडी पक्याची, त्यामुळे शेवटी रविवारच ठरला आणि स्नेहा म्हणाली ठीके, मी बाहेरून पाटी बघीन.

मी तेव्हा बोललो, कारण मला हेच बोलायचं होतं. म्हटलं रविवार असेल तर सकाळी किती वाजता निघायचं ते नंतर ठरवा, आधी परत खेड शिवापूरचा टोलनाका किती वाजता क्रॉस करायचा ते ठरवा. कारण रविवारी संध्याकाळी सातारा, कोल्हापूर, महाबळेश्वर, पाचगणी, सगळीकडचं पुणं एकाच रस्त्याने घरी येत असतं. खंबाटकीला एखादा कंटेनर बंद पडला तर संपलंच, पण नाही पडला तरी शिरवळपासून पुढे गाडी रांगायला लागते, आणि नंतर नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तो उतार, मागे ट्रक, पुढे ब्रेकलाइट, दिवसभर गाडी चालवून दमलेला माणूस. सगळ्यात वाईट रस्ता सगळ्यात दमलेल्या वेळी येतो. तर एक तर चारच्या आत टोल क्रॉस करायचा, नाहीतर वाईतच जेवून आरामात रात्री दहानंतर. मधली वेळ नाही.

"रात्री दहा नको, सोमवारी सकाळी शिफ्ट आहे," पक्या.

"मग चार."

"चार म्हणजे वाईतून अडीचला निघायचं?" मंद्याचा चेहरा पडला. "मग बघणार काय?"

उलटं मोजलं. अडीचला निघायचं तर एक वाजता जेवायला बसायचं, रविवारी हॉटेलात टेबल लगेच मिळत नाही. त्याच्या आधी धोम, त्याच्या आधी मेणवली, त्याच्या आधी गणपती घाट, आणि गणपती घाटावर नऊच्या आत पोचलो तर गाडी लावायला जागा मिळते, नंतर गल्ल्यांमधून फिरत बसायचं. म्हणजे पुणं सहाला सोडायचं. यात कुठेही पाचगणी बसत नाही हे मी सांगितलं नाही, मंद्याने स्वतःच बोटं मोजली आणि चहा मागवला.

"सहाला सोडायचं" हे वाक्य बोलायला फार सोपं आहे. पक्या कोथरूडला, इरफान हडपसरला, मंद्या पिंपरीला, स्नेहा सिंहगड रोडला. पक्याने प्रत्येकाला दारातून उचलायचं ठरवलं तर वाईला जाण्याआधी पुण्याचीच परिक्रमा होणार. यावर मात्र पक्या ठाम राहिला आणि मला ते आवडलं. "मी कोणाच्या घरी येणार नाही. सहा वाजता नवले पुलाजवळ, ज्याला यायचं त्याने तिथे. सव्वासहाला मी गिअर टाकणार."

"पिंपरीवरून मी सहाला कसा येऊ?"

"आदल्या रात्री माझ्याकडे झोपायला ये."

"तू घोरतोस."

"मग नको येऊ."

दरम्यान इरफानचं वेगळंच चाललेलं. त्याला हायवेनेच जायचं नव्हतं. तो बुलेटवाला माणूस, त्याचं म्हणणं कापूरहोळला हायवे सोडा, भोर, मग मांढरदेवीचा घाट चढा आणि पलीकडे थेट वाईत उतरा. सुरूरवरून काय, सगळेच जातात.

मला मनापासून हा रस्ता पटतो, घाट सुंदर आहे, पावसाळ्यानंतर तर बोलायलाच नको. पण एक गोष्ट आहे, हा रस्ता ज्याला आवडतो तो बहुतेक वेळा चालवत नसतो. घाटात पाच माणसं भरलेली सीएनजी गाडी, पहिला-दुसरा गिअर, वळणावर समोरून एसटी, आणि मागून कोणीतरी म्हणतंय "वा, काय व्ह्यू आहे, थांब ना जरा". काका म्हणाले, "पौष पौर्णिमेच्या आसपास तर तिकडे फिरकू पण नका, काळूबाईची यात्रा असते, घाट माणसांनी भरलेला असतो. आणि रंगपंचमीला वाईच्या बाजूला जाणार असाल तर बावधनच्या यात्रेचं बगाड, बैलांनी ओढायचा लाकडी गाडा, असतं, ते बघायला जायचं असेल तर जरूर जा, पण मग दुसरं काही बघू नका, रस्ते बंद असतात."

"आमची तारीख त्यातली नाहीये काका."

"मग जा. पण जाताना जा, येताना नको. ऊन उतरताना घाट आणि झोप, दोन्ही एकदम नको."

तसं ठरलं, जाताना भोर-मांढरदेवी, येताना सुरूर आणि हायवे. पण मग सहाचे साडेपाच झाले, कारण घाटाला वेळ जास्त लागतो. मंद्या म्हणाला मी आता रात्रीच येऊन नवले पुलाखाली झोपतो. माझं विचाराल तर मी हायवेनेच गेलो असतो. सुरूर फाट्यावरून वाईला वळलं की जुन्या वडांचा रस्ता लागतो, तोही काही कमी नाही, पण पाचात चार मतं घाटाला पडली आणि पाचवा मी.

मग सीएनजी. पक्याची गाडी फुल केली तर दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. जाऊन-येऊन, मेणवली-धोम धरून, घाटासकट, दोनशे होणारच. रविवारी हायवेच्या पंपावर सीएनजीची लाइन लावायची म्हणजे चारचा टोल साडेपाचला. "शनिवारी रात्री भरून ठेव, घाटात पेट्रोलवर चालव, संपलं तर येताना पेट्रोलवर या," एवढं सोपं उत्तर होतं पण पक्याला पेट्रोल म्हटलं की पोटात दुखतं. शेवटी घाटाच्या पेट्रोलचे पैसे इरफानने द्यायचे ठरले, हौस त्याची आहे म्हणून.

मधेच स्नेहाने विचारलं, "काका, तुम्ही येताय ना?"

गाडीत पाच सीटा, आणि पाच जण आधीच मोजलेले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागे चार बसू असं मंद्या म्हणणार एवढ्यात काकाच म्हणाले, "मी तुमच्या गाडीत कशाला येऊ? स्वारगेटवरून महाबळेश्वरची गाडी पकडतो, वाईला उतरतो. पासष्टच्या वर हाफ तिकीट आहे मला. स्नेहा, तुला पण हाफच पडेल, 2023 पासून बायकांना अर्धंच आहे."

स्नेहाने खरंच विचार केला, मला दिसलं. तिला गाडी लागते, घाटात मागच्या सीटवर पाच माणसांची गाडी म्हणजे शिक्षाच. "वाई स्टँडवरून मेणवलीला कसं जाणार?"

"रिक्षा. नाहीतर तुम्ही लोक तिथेच असाल की, उचला मला."

इतक्या वेळात कोणालाच न सुचलेली गोष्ट ही होती. एका दिवसाच्या ट्रिपला गाडी हवीच असं आपण धरून चालतो आणि मग गाडीच्या मागे प्लॅन धावतो: पार्किंग, सीएनजी, टोल, कोण चालवणार, कोणाला झोप येणार. फक्त वाई आणि मेणवली बघायची असेल तर एसटी आणि रिक्षा पुरते. धोम घातलं की गाडी सोयीची पडते. स्नेहाने शेवटी पुढची सीट मागितली आणि मिळवली, त्यामुळे एसटी राहिली, पण काका एसटीनेच येणार आणि माझी पैज आहे ते आमच्या आधी पोचून मिसळ खाऊन झालेले असणार.

अकराच्या पुढे पैशाचा विषय निघाला. इंधन पाच जणांत समान, घाटाचं इरफानकडे, जेवण ज्याचं त्याचं. मंद्या म्हणाला, "आणि टोल? टोल पण भागायचा."

पक्या म्हणाला, "टोल लागत नाही, माझ्याकडे फास्टॅगचा वार्षिक पास आहे."

"मग फुकट?"

"फुकट कसा? 3000 भरलेत मी. 200 ट्रिपा आहेत त्यात, एकदा टोल क्रॉस केला की एक ट्रिप कमी होते."

इरफानने हिशोब केला. "म्हणजे एका वेळचे 15 रुपये. वाईला एकच टोलनाका, खेड शिवापूर. जाऊन-येऊन 30."

"बरोबर."

"पाच जणांत भागिले. प्रत्येकी 6 रुपये."

"पण त्याने 200 ट्रिपा वापरल्या नाहीत तर?" मंद्याला मुद्दा सापडला होता. "वर्षात त्याने चाळीसच वेळा टोल ओलांडला तर एका ट्रिपचे 75 होतात. मग आपण पंधराच्या हिशोबाने देऊन त्याचं नुकसान करतोय."

पक्याचा चेहरा उजळला. "बघ, हा माणूस बरोबर बोलतोय."

"तो बरोबर बोलतोय, पण जाऊन-येऊन त्याने त्याचे 30 द्यावेत मग," स्नेहा म्हणाली. "मी सहाच देणार."

चहावाल्याने तिसऱ्यांदा बाकडं उचललं आणि या वेळी खाली ठेवलं नाही. टोलचे सहा की तीस हे अजून ठरलेलं नाहीये, बाकी सगळं ठरलंय.