एकशे चौदा वर्षं चालणारी डिस्क

घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ एका जागी असावेत आणि घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर ते उघडावेत, एवढी माफक इच्छा होती. त्यासाठी नॅस नावाची छोटी पेटी मिळते. पेटी पटकन ठरली. पण ती येते रिकामी. आत घालायच्या हार्ड डिस्क आपण निवडायच्या, आणि घोडं पेंड खातं ते तिथे.

खरं तर निवडायला आहे काय? हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच उरल्या: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. पण कोणालाही सल्ला विचारा, तो एका कंपनीची शपथ घेतो आणि दुसरीचं नाव काढलं की कानाला हात लावतो. कारण एकच. कधीकाळी त्याची त्या कंपनीची एक डिस्क गेली होती. ज्याची जी गेली, ती कंपनी वाईट.

म्हणून मी माणसांचा नाद सोडून कंपनीचे कागद वाचायला घेतले. त्यात ठळक लिहिलेलं असतं: दोन बिघाडांमधला सरासरी काळ १० लाख तास. भागाकार केला तर ११४ वर्षं येतात. खाली बारीक अक्षरात हमी मात्र ३ वर्षांची. उरलेल्या १११ वर्षांचं काय, ते लिहिलेलं नसतं. नंतर कळलं की हा आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नसतोच. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यातल्या साधारण नऊ जातील, एवढंच तो सांगतो. तेही कागदावर. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रत्यक्षातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला बदलाव्या लागलेल्या डिस्कचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी २ ते ४ टक्के निघालं.

लोकांची माहिती इंटरनेटवरून साठवून ठेवणारी बॅकब्लेझ नावाची कंपनी आपल्याकडच्या हजारो डिस्कपैकी कोणत्या मॉडेलच्या किती गेल्या, याचे तक्ते २०१३पासून जाहीर करते. मी ते तक्ते पोथीसारखे वाचले. अडचण अशी, की एखादं मॉडेल चार-पाच वर्षं इमानेइतबारे चाललं असं सिद्ध होईपर्यंत ते दुकानातून नाहीसं झालेलं असतं. मिळतं ते नवं मॉडेल, ज्याच्याबद्दल अजून कोणालाच काही माहीत नाही.

मग सीएमआर आणि एसएमआर, म्हणजे डिस्कवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये जास्त माहिती मावावी म्हणून डिस्कवरचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी पुन्हा बसवा. एरवी हे खपून जातं, पण रेडमधली, म्हणजे एक गेली तरी माहिती टिकावी म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कमधली, एक डिस्क गेली आणि नवीवर सगळं पुन्हा उतरवायचं झालं की हे काम संपता संपत नाही. २०२० साली उघड झालं की खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर होत्या आणि गिऱ्हाइकाला तसं सांगितलेलंच नव्हतं. त्यामुळे मी फोनवर विक्रेत्याला आधी तेच विचारलं, "सीएमआर आहे का?"

"आहे ना साहेब. काळी आहे, चार टीबी."

नॅसच्या डिस्कला जादा पैसे का मोजायचे, त्याचं उत्तर तर फारच आवडलं. साधी डिस्क एखादा खराब भाग वाचता आला नाही तरी चिकाटीने वाचतच राहते; तेवढ्यात रेडला वाटतं, ही मेली, आणि ती तिला बाहेर काढते. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते. आयुष्यभर "हार मानू नकोस" ऐकलं. हार मानण्याचे पैसे मी पहिल्यांदाच मोजले.

डिस्कना हादरे सोसत नाहीत. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने २००८ साली चालू डिस्कसमोर जोरात ओरडून दाखवलं होतं, आणि पडद्यावर त्यांचा प्रतिसाद मंदावलेला स्पष्ट दिसला होता. हे मी हौसेने घरात सांगितलं. तेव्हापासून मुलाला रागवायला तोंड उघडलं, की तो पेटीकडे बोट दाखवतो. "बाबा, हळू. फोटो आहेत आत."

डिस्क दोन घ्यायच्या, कारण एक गेली तर दुसरी हवी. त्याही शक्यतो वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे एकाच लॉटचा दोष दोघींना एकदम भोवायला नको. पण एकीवरचा फोटो चुकून पुसला तर दुसरीवरचाही त्याच क्षणी पुसला जातो, म्हणून बॅकअपला पेटीबाहेर तिसरी.

"तू भरवशाची डिस्क शोधत होतास ना?" बायको म्हणाली. "मग तीन कशाला?"

उत्तर टाळून मी आलेल्या डिस्क तपासणीला लावल्या. आतून वाळू चाळल्यासारखी खरखर रात्रभर येत होती आणि टक्का मुंगीच्या पावलाने सरकत होता. सकाळी अहवाल आला: दोष नाही. गूगलने २००७ साली आपल्याकडे बिघडलेल्या डिस्कचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून जास्त डिस्कनी आधी एकही ठळक धोक्याची खूण दाखवली नव्हती, हे मी त्या वेळी बोललो नाही.

"बिघडली तर कंपनी बदलून देते ना?" तिने विचारलं.

"देते की," मी म्हणालो. "कोरी."