‘जिभेवर ताबा’ सांगणाऱ्या वाचकास

‘रंकाळा वॉकर’ यांस,

लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकावरच्या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत ते परवा रात्री वाचलं. काल दिवसभर गप्प बसलो, आज राहवलं नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की मी त्याच्या शोधाचं साल चुकवलं, बहुतेक जाड माणसांत लेप्टिन कमी नसतंच, मग त्याचं कौतुक कशाला, आपला बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) २२ आहे, आणि शेवटी, “भूक-बिक सगळी थेरं आहेत. जिभेवर ताबा नाही तीच पोती होतात. आधी मिसळीचा कट कमी करा.”

सालाचं मान्य. जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूचा शोध १९९४ चा, मी १९९५ लिहिलं. दुरुस्त केलंय, आभार. पण दुरुस्ती सांगायला ‘अहो विद्वान’ अशी सुरुवात करायची गरज होती का? चूक दाखवायची आपल्याकडे एक रीत असते.

आता ‘जिभेवर ताबा’. डग्लस कोलमन यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत दोन जातींचे लठ्ठ उंदीर शिवून जोडले, एकाचं रक्त दुसऱ्यात फिरेल असे. त्यातल्या ‘ओबी’ जातीच्या उंदरानं खाणंच सोडलं आणि तो उपासमारीनं मेला. एरवी हाच प्राणी दिवसभर चरायचा. रात्रीत त्याला संयम आला म्हणायचं का? दुसऱ्याच्या रक्तातून ‘पुरे’ हा निरोप आला, एवढंच. तो निरोप म्हणजे लेप्टिन. ते शरीरातल्या चरबीतच तयार होतं आणि मेंदूला कळवतं, की साठा आहे, आता थांब.

उंदीर मला लखलाभ म्हणालात, तर माणसाचं घ्या. १९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडं तपासली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, २९ किलो. दोघांच्या शरीरात जनुकातल्या दोषामुळे लेप्टिन जवळपास नव्हतंच. पुढं इंजेक्शनं सुरू झाल्यावर त्या मुलीची भूक उतरली आणि वर्षभरात सोळा किलो वजन गेलं. आता सांगा, दोन वर्षांच्या पोराला कुठल्या मिसळीचा कट कमी करायला सांगणार आहात?

आणि हे मी पुस्तकं वाचून बोलत नाही. मी आणि दादा एकाच तालमीत. पहाटे सुटलो की गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, डोळ्यांसमोर काढलेलं, मिशीला फेस लागेपर्यंत. घरी आई तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकायची. दादाच्या ताटात चार पडायच्या, माझ्या ताटात दोन. वर पांढरा रस्सा तो वाडग्यानं प्यायचा. त्याचं पोट पाठीला लागलेलं आणि मी असा. वस्ताद मैदानभर ऐकू जाईल असं ओरडायचे, “पोत्या, जोर काढ!” तीस वर्षांनी तोच शब्द माझ्याच लेखाखाली वाचायला मिळाला. तेव्हा ताब्याच्या गोष्टी मला शिकवू नका. दोन भाकऱ्यांवर उठणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही.

राहता राहिला बहुतेकांत लेप्टिन कमी नसतं हा मुद्दा. नसतं. उलट जास्तच असतं, मेंदू दाद देत नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, इथं तो विषय नव्हता.

आणि त्या २२ चं फार कौतुक नको. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. २००४ साली त्यांनी स्वतःच फोटोसकट हे छापलं. रंकाळ्याला फेऱ्या मारताना कधी स्वतःची चरबीही मोजून घ्या, दिसत नाही म्हणून नसते असं नाही.

कट मी रविवारीच जास्तीचा मागतो. कधी बुधवारी.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, फक्त ‘पोती’च्या जागी तीन टिंबं घातली आहेत. मूळ शब्द हवाच असेल तर तुमच्या नावानिशी लिहा, टोपणनावानं नको.