सगळ्यांसमोर पळवून मूल सुधारत नाही

"पीटीत मागे पडणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर एकटं पळवा, लाज वाटली की आपोआप सुधारेल. खेळ रक्तातच असावा लागतो. भीती म्हणजे नखरे." हा मेसेज नाशिकभर पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. बहिणीने तर तो लेकीच्या पीटीच्या सरांना पाठवायचं ठरवलं होतं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

खरा घातक मुद्दा लाजेचा. 600 मीटरची चाचणी घ्या. 200 मीटरच्या मैदानावर तीन फेऱ्या. मागे पडणारी कितीतरी मुलं पहिल्या शंभर मीटरांतच जीव खाऊन पळतात. दुसऱ्या फेरीत धाप लागते, पोटात कळ येते, मग चालणं सुरू. एकट्याला सगळ्यांसमोर उभं केलं की ते आणखी जोरात सुटतं आणि आणखी लवकर थांबतं. 'मला जमेल' हा विश्वास कुठून येतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं: सगळ्यात जास्त स्वतःला जमल्याच्या अनुभवातून, मग आपल्यासारख्याला जमताना पाहून, कुणी धीर दिल्यावर, आणि छातीतल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो त्यावरून. लाजवण्यात यातलं एक तरी आहे का?

त्याऐवजी सारख्या वेगाच्या मुलांच्या जोड्या लावा. पहिली फेरी जोडीदाराशी बोलता येईल अशा वेगात, दुसरीही तशीच, जोर शेवटच्या शंभर मीटरांत. वेळ ज्याच्या त्याच्या वहीत, मागच्या महिन्याच्या वेळेशेजारी. वर्गात मोठ्याने वाचायची नाही.

लोक बघत असले की जोर चढतो, एवढं मान्य. पण अंगवळणी पडलेल्या कामातच. नवं शिकताना तेच बघणं चुका वाढवतं.

रक्ताचं म्हणाल तर नौकानयनपटू दत्तू भोकनळ नाशिकच्याच चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा. वल्हं हातात आलं ते सैन्यात गेल्यावर, आणि 2016 मध्ये तो रिओ ऑलिंपिकला होता.

भीतीचं म्हणाल तर कोलांटउडीत मूल अडतं ते मानेला धरून, आणि ती भीती रास्त आहे. डोकं टेकवून उडी घेतली तर मान खरंच दुखावते. हनुवटीखाली रुमाल धरायला लावा, तो पडू द्यायचा नाही. आधी उतरत्या गादीवर, मग सपाट गादीवर.

आणि शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणाऱ्यांनी शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 वाचावं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना त्यात मनाई आहे.