‘गोड गोड फिल्म्स बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आलाय, सोसायटीच्या, शाळेच्या, ट्रेकिंगच्या आणि काल तर मावशीनेही पाठवला. थोडक्यात तो असा आहे: कासवं परत आली, पक्षी वाढले, गावाने जंगल राखलं असल्या आशादायी शॉर्ट फिल्म्स दाखवणं बंद करा, कारण एक, त्या बघून लोक निर्धास्त होतात, दोन, त्या खोट्या असतात, तीन, माणूस फक्त भीतीने बदलतो, आठ मिनिटांच्या फिल्मने कधी काही झालं नाही, आणि चार, हे सगळं कॅमेरेवाल्या शहरी लोकांचं कौतुक असतं, गावातली माणसं त्यात नुसती शोभेला.

मी बोरिवलीला राहते, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर. तीन वर्षं झाली, महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ जण अशा फिल्म्स दाखवतो, कधी सोसायटीच्या हॉलमध्ये, कधी पाड्यात, पांढरी चादर बांधून आणि कोणाचातरी प्रोजेक्टर मागून आणून. म्हणून हा मेसेज नुसता वाचून सोडून देता येत नाहीये.

पहिला मुद्दा, निर्धास्त होतात. एका पाड्यात आम्ही आधी बिबट्याच्या हल्ल्याच्या बातमीची क्लिप दाखवली होती, आम्हाला वाटलं लोक सावध होतील. झालं काय, तर बायकांनी पोरांना मांडीवर ओढून घेतलं आणि एकच गोष्ट म्हणाल्या, पिंजरा लावायला सांगा. त्यांचं काही चुकलं नाही, माझं पोर असतं तर मीही तेच म्हणाले असते. पण पिंजऱ्याने काय होतं ते जुन्नरला झालंय. तिथे २००१ ते २००३ मध्ये बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले, आणि माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते ते सतरावर गेले. म्हणजे घाबरून जे मागतो त्यानेच धोका वाढतो.

पुढच्या महिन्यात त्याच पाड्यात दुसरी फिल्म लावली, अकरा मिनिटांची. त्यात एक आजी रात्री संडासला जाताना काठी आपटत, मोठ्याने बोलत जाते, पोरं कधी एकटी बाहेर जात नाहीत, आणि वस्तीने कचऱ्याचा ढीग हलवल्यावर भटकी कुत्री कमी होतात आणि कुत्र्यांमागे येणारा बिबट्याही तिथे थांबत नाही, निघून जातो. फिल्म संपली, टाळ्या वगैरे काही नाही, आणि पुढे बसलेल्या एका बाईने विचारलं, “तो झाकणाचा मोठा डबा त्यांनी आणला कुठून?” मग जी चर्चा सुरू झाली ती रात्री साडेदहापर्यंत. मटणवाल्याचं उरलंसुरलं कोण टाकतं, संडासाकडची ट्यूबलाइट किती महिने बंद आहे, अर्ज कोणाच्या नावाने द्यायचा, सह्या कोण गोळा करणार. लाइट लागायला दोन महिने गेले, पण लागली. यात निर्धास्त कोण झालं मला सांगा. भीतीच्या क्लिपनंतर त्यांनी दुसऱ्या कोणीतरी काहीतरी करावं अशी मागणी केली होती, या फिल्मनंतर आपण काय करायचं ते विचारलं.

आणि एक सांगते, रोज हिमनग वितळतायत, रोज जंगल जळतंय हे बघून माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी बघणंच सोडलंय. “आता काही होणार नाही गं” असं म्हणून जो माणूस उठून जातो, तो फार आधीच झोपलाय, त्याला आशेने झोपवलेलं नाहीये.

दुसरा मुद्दा, खोट्या असतात. काही असतात, हो. ठाण्याच्या खाडीचे फ्लेमिंगो घ्या. २०१५ ला अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव आलं, हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण मे २०२४ मध्ये घाटकोपरवर विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले, हेही याच शहरात झालं. नुसता गुलाबी थवा दाखवणारी फिल्म मला चालत नाही. वर्सोव्याचंही तसंच. ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोज शाह आणि बाकीचे लोक दर शनिवार-रविवारी तिथे कचरा उचलत होते, मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. पण पावसाळ्यात किनाऱ्यावर जाऊन बघा, समुद्र सगळं परत आणून टाकतो. चांगली फिल्म पिल्लंही दाखवते आणि परत आलेला कचराही दाखवते, आणि तो पुन्हा उचलणारे हातही. हे खोटं असेल तर खरं कशाला म्हणायचं?

तिसऱ्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क, म्हणजे अंगभर ठिपके असलेले प्रचंड मोठे मासे, मारले जायचे, शेकड्याने. डॉक्युमेंटरी करणारे माइक पांडे यांनी त्यावर २००० साली फिल्म केली, बघवत नाही अशी, आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण मिळालं. म्हणजे धक्क्याने काम झालं, मान्य. पण कायदा झाला दिल्लीत, जाळं असतं खोल समुद्रात, तिथे बघायला कोण येतंय? तिथे पुढची गोष्ट कामाला आली. २००४ पासून मोहीम सुरू झाली, रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही ‘व्हाली’ म्हणजे लाडकी आहे, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, तिला कोणी मारतं का? त्याबरोबर फाटलेल्या जाळ्याची भरपाईही मिळायला लागली. त्यानंतर त्याच कोळ्यांनी शेकडो व्हेल शार्क जाळं कापून सोडले. भीती कायद्यापर्यंत घेऊन गेली, होडीवर सुरी हातात घ्यायला लावलं ते माहेरच्या गोष्टीने आणि भरपाईने.

आता दुसरी बाजूही सांगते. ‘ब्ल्यू प्लॅनेट २’ या बीबीसीच्या समुद्रावरच्या गाजलेल्या सिरीजवर एक प्रयोग झाला, २०२० मध्ये छापून आला. एपिसोड बघितल्यावर लोकांची माहिती वाढली, पण प्लास्टिकची बाटली घ्यायची की नाही यात फरक पडला नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. फिल्म दाखवून चादर घडी करून घरी गेलो असतो तर त्या पाड्यातही काही झालं नसतं. फिल्मनंतरचा तास हवा, आणि लगेच हात घालता येईल असं काम समोर हवं.

चौथा मुद्दा बऱ्याच फिल्म्सच्या बाबतीत मला पूर्ण पटतो. वरून ड्रोन, मागे व्हायोलिन, म्हातारीचे सुरकुतलेले हात क्लोजअपमध्ये आणि तिला एकही वाक्य बोलायला नाही, असल्या फिल्म्स आम्हीही लावत नाही. पण त्यावरून सगळ्यांनाच झाडू मारायचा? आसामात वन्यजीव अभ्यासक पूर्णिमादेवी बर्मन यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या बायका बघा, हरगिला नावाचा करकोचा त्यांच्या अंगणातल्या झाडांवर घरटी करतो, पूर्वी अपशकुनी आणि घाणेरडा म्हणून ती झाडं तोडायचे, आता त्या बायका गमछ्यांवर त्याचं चित्र विणतात आणि त्याचं डोहाळजेवण करतात. या बायकांना शोभेच्या म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आणि आपल्याच किनाऱ्यावर तर कॅमेराच कोळ्यांच्या हातात आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रात योजना आहे, जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला आणि जाळं कापून सोडला तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई, आणि पुरावा म्हणून सोडतानाचे फोटो-व्हिडिओ द्यायचे. असा एक दीड मिनिटाचा व्हिडिओ आम्ही प्रत्येक शोच्या आधी लावतो. होडी हलतेय, फोनवर पाणी उडतंय, अर्धा वेळ नुसतं कोणाचं तरी कोपर दिसतं. एक जण जाळं कापतोय, दुसरा ओरडतोय की जाळं किती गेलं ते बघ रे, आणि मग ते ठिपक्याठिपक्यांचं भलंमोठं अंग बाजूने सरकत खाली जातं, आणि सगळी होडी एकदम ओरडते, “गेली, गेली!”